मासा उलटा झालाय, तू सरळ कधी होणार?

टाकीतलं पाणी शेवटचं कधी बदललंस? तारीख सांग. ‘मध्यंतरी’ ही तारीख नाही. ‘तसं अधूनमधून करतो, सर’ हीसुद्धा नाही.

नाही ना आठवत? वाटलंच मला. तुझा फ्लॉवरहॉर्न पोट वर करून तरंगतोय. खाली जायला शेपटी आपटतो, वीतभर जातो, दमतो, पुन्हा वर येतो. आणि तू मला विचारतोस, “कुठले थेंब टाकू?” आत्तापर्यंत टाकलेस ते कमी पडले का? निळं टाकून झालं, पिवळं टाकून झालं. टाकीत रंगपंचमी झाली, मासा होता तसाच आहे. त्याचं पोट पाण्याबाहेर राहतंय, तिथली कातडी सुकलीय, उजव्या कुशीवर लाल चट्टा पडलाय. तू पाठवलेल्या फोटोत तो मला दिसला. तुला घरात बसून दिसला नाही?

दुकानदार ‘स्विम ब्लॅडर’ म्हणाला आणि तू निवांत झालास. जणू नाव कळलं की निम्मा रोग गेला. अरे, गोठ्यातली गाय फुगली तर तुझे वडील ‘पोटफुगी झाली’ एवढं म्हणून बाजेवर जाऊन बसतात का? आधी विचारतात, काय खाल्लं, कधी खाल्लं, ओला घास कुणी टाकला. तुला त्यांच्याइतकी तरी अक्कल नको? तू तर शिकलेला.

स्विम ब्लॅडर म्हणजे वाताशय, माशाच्या कण्याखालची वायूची पिशवी. पाण्यात तोल धरते ती. पोट तुंबून तिच्यावर दाब आला तर तोल जातो. आत जंतुसंसर्ग झाला तर जातो. पाणी एकाएकी गार पडलं, मार बसला, आत गाठ झाली, पाणी नासलं, तरीही जातो. उलटं होणं हे लक्षण. कारण यातलं कुठलं, हे बाटलीवर छापलेलं नसतं.

मग मोबाईलवर बघून तू उकडलेला वाटाणा सोलून टाकलास. तो गोल्डफिशवाल्यांचा तोडगा. गोल्डफिशच्या वाताशयापासून घशापर्यंत नळी असते. तुझा मासा सिक्लिड. त्याची पिशवी बंद. तिच्यात वायू भरतो तो रक्तातून, एका ग्रंथीमार्फत, आणि निघतो तोही रक्तातच. वाटाण्याने झालंच तर पोट साफ होईल, तेही बद्धकोष्ठ असेल तर. आहे का? विष्ठा पाहिलीस? जाड, तपकिरी होती की पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी? पांढरी असेल तर आतड्यात परजीवी असू शकतात आणि मग गोष्टच वेगळी. पाहिली नाहीस. म्हणजे त्या मुक्या जिवालाही तू वाटाण्याच्या अक्षताच लावल्यास.

आणि हे सगळं कोण करतंय? रांजणगावच्या एमआयडीसीत ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, आठ-आठ तास उभा राहणारा ऑपरेटर! दर दोन तासांनी पीएच घेतोस. अमोनियाचा आकडा रजिस्टरमध्ये लिहून खाली सही ठोकतोस. एरेशन टँकचा ब्लोअर बंद पडला तर तुझा जीव वरखाली होतो. का? आतले जिवाणू मेले तर प्लांट दिवसचे दिवस सावरत नाही, हे तुला ठाऊक आहे. मग घरच्या फिल्टरात कोण राहतं? पाहुणे? तेच जिवाणू. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे. आणि तू दर रविवारी स्पंज काढतोस, ग्रामपंचायतीच्या नळाखाली धरतोस, पिळून पिळून पांढराशुभ्र करतोस. त्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आहे. जंतू मारायलाच टाकतात ते. वर पुन्हा त्या पिवळ्या औषधाने उरलेसुरले जिवाणूही मारलेस. कंपनीत हेच हेल्परने केलं असतं तर त्याची तक्रार घेऊन तूच साहेबाकडे गेला असतास.

अडाण्याने हे केलं असतं तर मी त्याला शेजारी बसवून समजावलं असतं. तुला समजावत नाही, झापतोय. पीएच ७ वरून ८ वर गेला की विषारी अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतो, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. तुझ्या बोअरच्या पाण्याचा पीएच किती? मोजलाच नाहीस. पगार मिळतो तिथलं पाणी मोजायचं आणि जीव पाळलाय तिथलं डोळ्यांनी बघून ‘स्वच्छ दिसतंय’ म्हणायचं. अमोनिया डोळ्यांना दिसतो का रे?

“पाणीच नाही, सर.” हे मला नको सांगूस. तुमच्या केंदूर गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं मीही बघितलंय. पण हिशेब कर. तुझी टाकी २ बाय १ बाय १ फूट. काठोकाठ भरली तरी ५६ लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ धर. त्यातला चौथा हिस्सा बदलायचा म्हणजे एक बादली. एक! बुलेट धुवायला किती लागतात? आणि काढलेलं पाणी काही फुकट जात नाही. जास्वंदीला घाल, कढीपत्त्याला घाल, खतच आहे ते. फक्त औषधाचं पाणी खाण्याच्या झाडाला नको. बोअरचं पाणी मात्र पाइप लावून थेट टाकीत सोडू नकोस. जमिनीखालून दाबाने येतं, त्यात कधी कधी वायू जास्त विरघळलेला असतो आणि प्राणवायू कमी. बादलीत एअरस्टोन टाकून रात्रभर ठेव. नळाचं असेल तर अँटिक्लोरीन. जमेल? का याचीही सबब तयार आहे?

टाकीचं निघालंच आहे तर ऐक. हा मासा फूटभर वाढतो. तुझ्या टाकीची रुंदी एक फूट. वळायचं कसं त्याने? निदान ४ फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, म्हणजे अडीचशे लिटर तरी हवी. “बजेट नव्हतं.” सायलेन्सर बदलायला होतं.

आणि ते डोक्यावरचं टेंगूळ! ते मोठं व्हावं म्हणून दिवसातून पाच वेळा पेलेट. पाहुणे आले की सहावी. पोरं आली की वर झिंगे. पोट तुंबणार नाही तर काय होईल? हा मासा भाग्य उजळतो असं कुणीतरी सांगितलं म्हणून आणलास ना? १९९० च्या दशकात मलेशियातल्या लोकांनी संकर करून काढलेली जात आहे ती. समुद्रमंथनातून निघालेली नाही. त्याने तुझं भाग्य उजळायचं आणि तू त्याचं एक थर्मामीटरसुद्धा आणायचं नाहीस, हा कुठला व्यवहार? थंडीत रात्री लाईट गेली की हीटर बंद, पाणी गार, पोटातलं पचन थांबलेलं. लाईट तुझ्या हातात नाही, मान्य. टाकीभोवती गोधडी गुंडाळणं आणि बॅटरीवरचा एअरपंप आणून ठेवणं तर आहे?

आता करायचं काय ते ऐक. तीन दिवस उपास. मोठा मासा तीन दिवसांत उपाशी मरत नाही, तुझ्या आईलाही सांगून ठेव, नाहीतर ती लपून घालेल. तापमान २८ अंशांपर्यंत ने, पण एका दिवसात नाही, रोज एखाद-दुसऱ्या अंशाने. रोज एक बादली पाणी बदल, आठवडाभर. पाण्याची उंची थोडी कमी कर, फिल्टरची धार काचेकडे वळव, म्हणजे त्याला झगडावं लागणार नाही. पोट खरंच फुगलेलं असेल तर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. वीस लिटरला चहाचा एक सपाट चमचा, मगमध्ये विरघळवून, हळूहळू. मेडिकलमधलं आण. कृषी सेवा केंद्रातलं खताचं पोतं उघडू नकोस. आणि स्वयंपाकातलं मीठ म्हणजे एप्सम नव्हे. उपासानंतर खाणं द्यायचं ते थोडं, भिजवलेलं, बुडणारं. दिवसातून दोनदा, एवढंच. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, दोनदा हलका दाबून.

खवले उभे राहून मासा पाइनच्या फळासारखा दिसायला लागला, किंवा आठवडाभरात काहीच फरक पडला नाही, तर अंदाजपंचे प्रतिजैविक ओतायचं नाही. पशुवैद्य गाठ. माशाचाही एक्स-रे निघतो, वायूची पिशवी त्यात काळी, स्पष्ट दिसते. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परळला आहे. फोन करून विचार, मासा बघतात का. विचारायला लाज कसली? बैल असता तर गेला असतास.

आणि बरा होईलच असं मी म्हणत नाही. पोटाचं असेल तर चार-सहा दिवसांत सरळ होईल. संसर्ग असेल तर आठवडे जातील. पिशवीच कायमची बिघडली असेल तर जन्मभर वाकडाच पोहेल, आणि तुला त्याला रोज तोंडाशी नेऊन भरवावं लागेल. ते करायचं. पाळलायस.

एक गोष्ट मात्र केलीस तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही. कंटाळा आला म्हणून त्याला वेळ नदीत किंवा थिटेवाडीच्या तलावात सोडून ‘मुक्त केलं’ म्हणायचं नाही. तुझ्यासारखे दयाळू खूप आहेत. वेळ नदी भीमेला मिळते, भीमा पुढे उजनीला जाते. दौंडपासून खाली भीमेच्या पाण्यात चिलापी किती माजलीय ते कुठल्याही मासेविक्रेत्याला विचार. तीही सिक्लिडच, बाहेरून आणलेली. १९५२ साली भारतात आणली तेव्हा सगळ्यांना ती सोयीचीच वाटली होती. त्यात तुझा आजारी मासा आणि त्याचे जंतू यांची भर नको.

आज शिफ्ट सुटल्यावर टेस्ट किट आणि थर्मामीटर विकत घेऊनच घरी जा. प्लांटमधलं उचलून आणू नकोस. उद्या सकाळी मला माशाचा फोटो नको, रडका चेहरा नको. अमोनिया, नायट्राइट, पीएच, तापमान. चार आकडे पाठव. पाचवी सबब पाठवू नकोस.