थांबणे आणि अडणे

गणित व्हिडिओवरून शिकता येते की नाही, यावर मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्यापासून मराठीत जी चर्चा चालू आहे ती बहुतांशी साधनाची आहे, विषयाची नाही. एक बाजू पडद्याचे दुष्परिणाम मोजते, दुसरी पडद्याची पोच मोजते, आणि सनावळी, कवितेचा अर्थ, गुणाकाराची रीत व प्रमेयाची सिद्धता या सगळ्या गोष्टी सारख्याच रीतीने मुलापर्यंत पोचवायच्या असतात, हे दोन्ही बाजूंनी न बोलता गृहीत धरलेले असते. सिद्धता म्हणजे ज्ञात विधानांवरून नवे विधान अशा रीतीने उभे करणे, की त्यातले प्रत्येक पाऊल मागच्या पावलावर टेकलेले असेल आणि कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज उरणार नाही. अशी गोष्ट दुसऱ्याकडून तयार मिळू शकते का, हा खरा प्रश्न आहे आणि नेमका तोच विचारला जात नाही.

व्हिडिओने जे दिले ते नाकारण्याचे कारण नाही. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल या उपक्रमामुळे 2003 पासून नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने कोणालाही खुली होत गेली. 2017 मध्ये केंद्र सरकारचा 'दीक्षा' हा मंच आला, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले, आणि 2020 च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवरच्या 'टिलीमिली' या मालिकेने घरातला दूरचित्रवाणी संच हाच वर्ग केला. जत, आटपाडी, माण यांसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत किंवा कोयनेच्या जलाशयाकाठच्या गावांत, जिथे गणितात पारंगत शिक्षक प्रत्येक शाळेला लाभेलच असे नाही, तिथे या सोयीचे मोल शहरातल्या माणसाच्या सहज ध्यानात येणार नाही इतके मोठे आहे.

या सोयीविरुद्धचे आणि बाजूचे काही युक्तिवाद लवकर निकालात काढता येतात. डोळ्यांवर ताण येतो हा वैद्यकाचा प्रश्न आहे, गणिताचा नव्हे. गुरूवाचून विद्या नाही हे म्हणणे, फळ्यावरची सिद्धता वहीत उतरवून घेण्यात तास संपणाऱ्या वर्गांकडे पाहिले की टिकत नाही. आकृती पडद्यावर हलताना दिसली की वेगळी सिद्धता लागत नाही, हा समज तर 8 × 8 च्या चौरसाचे चार तुकडे जोडून 5 × 13 चा आयत तयार झालेला दिसतो आणि 64 चे 65 होतात, या जुन्या कोड्यापुढेच संपतो.

एका युक्तिवादाचा परामर्श मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण तो विचारी माणसे करतात आणि तो न्यायाच्या भाषेत केला जातो. तो असा: वर्गातला शिक्षक एकाच वेगाने शिकवतो, त्यामुळे मागे पडणारा मागेच राहतो, व्हिडिओ मात्र थांबवता येतो, मागे नेता येतो, दहा वेळा पाहता येतो, म्हणून प्रत्येक विद्यार्थी आपापल्या गतीने शिकतो. हा युक्तिवाद इतका सहज पटतो की त्यात दडलेले गृहीत नजरेतून निसटते. ते गृहीत असे की सिद्धता न समजणे म्हणजे सांगण्याचा वेग जास्त असणे. वाट सगळ्यांची एकच, काही जण ती भराभर चालतात, काही सावकाश, एवढाच फरक. साताऱ्याहून सांगलीला निघालेल्या एसटीतून कराडला उतरता येते, विसावा घेऊन मागची गाडी पकडता येते, पण त्याने प्रवासी रस्ता शोधायला शिकत नाही. रस्ता चालकाचाच राहतो.

दहावीच्या भूमितीतले प्रमाणाचे मूलभूत प्रमेय जवळून पाहिले तर हे स्पष्ट होईल. अबक हा त्रिकोण, त्याच्या बक या बाजूला समांतर असलेली रेषा अब ला प बिंदूत आणि अक ला न बिंदूत छेदते, हा पक्ष, म्हणजे दिलेली माहिती. अप : पब हे गुणोत्तर अन : नक एवढेच असते, हे साध्य, म्हणजे जे दाखवायचे ते. सिद्धता युक्लिडच्या ग्रंथाच्या सहाव्या भागात, तिथल्या दुसऱ्याच प्रमेयात आहे आणि आजच्या पाठ्यपुस्तकातली तिचीच वंशज आहे. रेख पक आणि रेख बन काढायच्या, ही रचना. मग अपन आणि पबन या समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळे अप : पब या प्रमाणात असतात, अपन आणि पनक या त्रिकोणांची अन : नक या प्रमाणात असतात, आणि पबन व पनक यांचा पाया पन हा सामाईक असून पन आणि बक समांतर असल्यामुळे त्यांची उंची सारखी, म्हणून क्षेत्रफळही सारखे, प्रमेय सिद्ध झाले. चांगला शिक्षक व्हिडिओत हे तीन-चार मिनिटांत सांगतो, रंगीत रेघांनी सांगतो, आणि पाहणाऱ्याला प्रत्येक वाक्य पटते.

पण लांबीच्या गुणोत्तराचा प्रश्न असताना क्षेत्रफळ मध्येच का आले? त्या दोन रेघा कोणाला आणि कशावरून सुचल्या? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रेषा समांतर आहे ही माहिती सिद्धतेत नेमकी कुठे वापरली गेली? पहिल्या दोन पायऱ्यांचा समांतरपणाशी काहीही संबंध नाही. प आणि न हे बिंदू त्या बाजूंवर कुठेही घेतले तरी त्या दोन्ही पायऱ्या खऱ्याच राहतात. प्रमेयाचा सगळा भार तिसऱ्या पायरीवर आहे, आणि ती काढून घेतली की सगळी इमारत कोसळते. जो विद्यार्थी कोऱ्या कागदावर आकृती काढून बसला, ज्याने आधी लंब टाकून पाहिले, कोन मोजून पाहिले, आणि काहीच पुढे सरकेना तेव्हा 'समांतर म्हटले आहे, त्याचा उपयोग मी अजून कुठे केला?' असे ज्याने स्वतःला विचारले, त्याला या तिसऱ्या पायरीचे वजन कळते. व्हिडिओ पाहणाऱ्याला तिन्ही पायऱ्या सारख्याच वजनाच्या वाटतात, कारण त्या सारख्याच सहजतेने त्याच्यासमोर आलेल्या असतात.

येथे दोन साध्या मराठी क्रियापदांतला भेद कामाला येतो. थांबणे म्हणजे चालू असलेली गोष्ट आपल्या इच्छेने रोखणे. अडणे म्हणजे स्वतः वाट काढत असताना पुढचे पाऊल न सापडणे आणि ते सापडत नाही हे कळणे. थांबणे पाहणाऱ्याच्या हातात असते. अडणे मात्र ज्याने चालायला सुरुवात केली आहे त्याच्याच वाट्याला येते. गतीचा युक्तिवाद थांबण्याची हमी देतो आणि अडण्याचा लाभ सांगतो. त्याचा सगळा गोंधळ या अदलाबदलीत आहे.

त्याच्या समर्थकांच्या उत्तरांतही हीच अदलाबदल पुन्हा पुन्हा दिसते. विद्यार्थी जिथे कळत नाही तिथे थांबतो, असे म्हटले जाते. पण माणूस थांबतो तो जिथे वाक्य कळले नाही तिथे, आणि सिद्धतेतला खरा सांधा बहुधा अशा वाक्यात असतो जे वाक्य म्हणून अगदी सोपे असते. पुन्हा पाहता येते, असे म्हटले जाते; पण पुन्हा पाहताना तेच शब्द त्याच क्रमाने येतात, आणि अडलेल्याला तेच उत्तर दुसऱ्यांदा नको असते, वेगळा प्रश्न हवा असतो. शेवटी असे सांगितले जाते की उत्तम शिक्षक व्हिडिओतच म्हणतात, 'येथे थांबवा आणि स्वतः करून पाहा.' हे उत्तर प्रामाणिक आहे, पण ते मूळ युक्तिवादच सोडून देते, कारण त्यानुसार शिकणे घडते ते व्हिडिओ बंद असताना. शिवाय उत्तर बोटाच्या एका स्पर्शावर असताना अर्धा तास न सुटलेल्या आकृतीपुढे बसून राहण्याचा निग्रह चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षिणे फारसे वास्तव नाही.

पुस्तकातही सिद्धता त्याच पानावर छापलेली असते, हा आक्षेप रास्त आहे आणि तो मान्य केला पाहिजे. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की पुस्तक आपणहून पुढे जात नाही. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर वाचकाला स्वतःच जावे लागते, आणि मध्ये काही सुटले असेल तर तो तिथेच ठेचकाळण्याची निदान शक्यता असते. परंतु साधनाने आपोआप काही होत नाही हेही तितकेच खरे. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेतली 'कृती पूर्ण करा' ही प्रश्नांची तऱ्हा कागदावरच असते, तरी तिच्यात सिद्धता आधीच लिहिलेली असते, मधल्या चौकटी तेवढ्या रिकाम्या असतात. विद्यार्थी प्रत्येक चौकटीपाशी थांबतो, आणि एकाही ठिकाणी अडत नाही, कारण पुढची दिशा छापलेलीच आहे. म्हणजे भेद पडदा आणि कागद यांच्यात नाही. तो थांबणे आणि अडणे यांच्यातच आहे.

जुन्या परंपरेला ही गोष्ट ठाऊक होती. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त रीती आहेत. त्या बरोबर का आहेत हे दाखवणाऱ्या उपपत्ती, म्हणजे सिद्धता, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1545 मध्ये 'बुद्धिविलासिनी' या टीकेत दिल्या. स्वतः भास्कराचार्यांनी आपल्या 'गोलाध्याय' या ग्रंथभागात उपपत्तीची जी दोन प्रयोजने मानली आहेत ती म्हणजे विद्वानांच्या सभेत टिकणे आणि स्वतःचा संशय फिटणे. यातले दुसरे येथे अधिक महत्त्वाचे, कारण संशय फिटायचा तर तो आधी निर्माण व्हावा लागतो. वाईच्या प्रज्ञापाठशाळेत ज्या शास्त्रपरंपरेचे अध्ययन झाले, तिच्यातही पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, पूर्ण ताकदीने मांडल्याशिवाय सिद्धान्ताकडे जाण्याची मुभा नव्हती. सफाईदार व्हिडिओत पूर्वपक्ष नसतो, फसलेला प्रयत्न नसतो, खोडलेली रेघ नसते.

माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागू नये. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा तिथे प्रत्येकाच्या परिचयाची आहे. उतारावरून वाहणारे पाणी माती भिजवून पुढे जाते आणि विहिरीला लागत नाही. समतल चरात किंवा नालाबांधावर ते अडते तेव्हाच जिरते. जे ज्ञान कुठेही न अडता डोळ्यांपुढून वाहून गेले, ते त्या दिवशी ओलावा दाखवते आणि परीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात मागमूस ठेवत नाही. मात्र बांधाला सांडवा लागतो, नाहीतर पाणी बांधच फोडते. तसेच अडलेल्या विद्यार्थ्याला वेळेवर वाट मिळाली नाही, तर त्याचा धीर खचतो आणि गणित आपल्यासाठी नाही असे तो कायमचे ठरवतो. ही शक्यता गंभीर आहे, आणि केवळ अडवणाऱ्या शिक्षणाचे समर्थन येथे केलेले नाही. सांडव्याचे काम शिक्षकाचे आहे, आणि ते उत्तर सांगून होत नाही, प्रश्न विचारून होते: दिलेल्यापैकी काय वापरायचे राहिले, असेच दिसणारे काही पूर्वी सोडवले आहे का, साधे उदाहरण घेऊन पाहिले का. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने 1945 च्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या पुस्तकात अशाच प्रश्नांची मांडणी केली आहे. असे प्रश्न विचारायला विख्यात गणिती असावे लागत नाही. मुलाच्या वहीकडे पाहणारे आणि घाई नसलेले माणूस असावे लागते.

1919 मध्ये कराडजवळच्या काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली. रयतने स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद घेतले, आणि 'कमवा आणि शिका' या योजनेत त्याचा अर्थ प्रामुख्याने आपल्या शिक्षणाचा खर्च आपल्या कष्टाने उभा करणे असा होता. गणितात त्या ब्रीदाला आणखी एक अर्थ आहे: जे खरे मानायचे ते दुसऱ्याच्या अधिकारावर न मानता स्वतः उभे करता येणे. हे स्वावलंबन सावकाश चालणाऱ्या व्हिडिओने येत नाही, वेगवान व्हिडिओनेही येत नाही, आणि फळ्यावरून उतरवून घेतलेल्या सिद्धतेनेही येत नाही.

म्हणून व्हिडिओ बनवणाऱ्यांनी पक्ष आणि साध्य सांगून तिथेच संपणारे पाठ तयार करावेत, आणि सिद्धतेचा पाठ दोन दिवसांनी, फसलेल्या प्रयत्नांच्या चर्चेसह द्यावा. आणि सातारा-सांगलीतल्या शाळांनी, मग त्या शहरातल्या असोत की वाडीवरच्या, आठवड्यातून एक तास असा राखावा, ज्यात फळ्यावर फक्त पक्ष आणि साध्य लिहिलेले असेल, फोन बंद असेल आणि खडू विद्यार्थ्याच्या हातात असेल.