मी फक्त लावलं

लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये एक छोटासा पर्याय असतो. बाहेरची स्क्रीन जोडली की तो विचारतो, डुप्लिकेट की एक्स्टेंड? डुप्लिकेट केलं तर जे तुम्हाला दिसतं तेच सगळ्यांना दिसतं. एक्स्टेंड केलं तर दोन वेगळे पडदे होतात, एक तुमचा आणि एक लोकांचा. व्हिडिओ डीजे करणारा माणूस डोळे झाकून एक्स्टेंड निवडतो. मीही तेच निवडत आलो. त्या पर्यायाचा खरा अर्थ मला गेल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी कळला.

मी वाशीमचा. लग्नसराईत रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कधी कारंजा, जिथून बोलावणं येईल तिथे डीजे घेऊन जातो. गणपती विसर्जनानंतर मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत हातावर हात ठेवून बसावं लागतं. तशात अकोला-नांदेड महामार्गावरच्या एका परमिट रूमच्या मालकांचा फोन आला. त्यांना शनिवारी गाण्यांची रात्र सुरू करायची होती, पण नुसती गाणी नकोत. म्हणाले, "भाऊ, लोकायले आता ऐकून होत नाही. पाहायले पाहिजे."

काम आवडीचं होतं. तीन दिवस मी त्या लॅपटॉपमागे होतो. सोळा जीबी रॅम होती, एसएसडी होती. अँटिव्हायरसचं स्कॅन शनिवारी रात्री सुरू होणार नाही याची सोय केली, विंडोजचे अपडेट थांबवले, नोटिफिकेशन बंद केली. नाहीतर ऐन गाण्यात पडद्यावर "आई: जेवला का?" असा मेसेज झळकतो. यूट्यूबवरून थेट लावायचं नाही हा पहिला नियम, कारण नेट अडकलं की अख्खा हॉल तुमच्याकडे वळून पाहतो. सगळ्या फाइल एमपी फोर, एकाच फॉरमॅटमध्ये, ड्राइव्हवर एक प्रत आणि खिशात दुसरी. लॅपटॉपला हेडफोनचं भोक एकच, म्हणून वेगळं ऑडिओ इंटरफेस: एक आवाज हॉलला, एक माझ्या कानाला. काउंटरपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय केबल लांब पडत होती, चित्र मधूनच जायचं. तिथे नेटवर्कची केबल टाकून दोन्ही टोकांना एक्स्टेंडर लावले. लाइट गेली तर म्हणून यूपीएस. स्पीकरमधून येणारी घूं घूं अर्थिंगची निघाली, तीही काढली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो उशीर घालवण्यात. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी पाठवतो. ५१२ सॅम्पलचा तुकडा ठेवला तर सेकंदाला ४४,१०० च्या हिशोबानं साधारण साडेअकरा मिलिसेकंदांचा उशीर होतो. तो चालून जातो. टीव्ही मात्र चित्र सुंदर करण्याच्या नादात आणखी वेळ खातो, आणि गायिकेचे ओठ आवाजाच्या मागे पडतात. टीव्हीचा गेम मोड चालू केल्यावर ते जुळलं. त्या रात्री मी घरी खूश होऊन गेलो. बटण दाबलं की दिसतं, मधे काही नाही.

मधे काही नाही, याचाच मला आनंद झाला होता.

दुसऱ्या शनिवारी साडेदहाच्या सुमारास एका टेबलवरचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन आला. नेहमीचं गिऱ्हाईक. "एकच क्लिप आहे, लाव ना भाऊ, मजा येईन." मी ती डाव्या डेकवर घेतली. हा व्हिडिओ डीजेचा रोजचा क्रम आहे. लोकांच्या पडद्यावर एक गाणं चालू असतं, पुढचं तुमच्या लॅपटॉपवर छोट्या चौकटीत दिसत असतं आणि त्याचा आवाज फक्त तुमच्या हेडफोनमध्ये असतो. पसंत पडलं, ताल जुळला, की क्रॉसफेडर सरकवायचा.

चौकटीत मला किचन दिसलं, त्याच हॉटेलचं. हॉटेल बंद झाल्यावरची वेळ असावी. तिथला एक वेटर, विशीच्या आतबाहेरचा पोरगा, हातात झारा माइकसारखा धरून नाचत होता. डोळे मिटलेले. नाच वाईट नव्हता, पण एकट्यानं करायचा नाच होता. कुणीतरी दाराआडून मोबाइलवर काढलेला.

चार सेकंद पाहिलं मी. मग फेडर सरकवला.

हॉल हसला. दुष्टपणानं हसला असं मी म्हणणार नाही. शिट्ट्या आल्या, टाळ्या आल्या. कुणी ओरडलं, "अबे, हा तं आपला वेटर!" तो पोरगा तेव्हा तिसऱ्या टेबलजवळ ट्रे घेऊन उभा होता. ट्रे पडला नाही. तो हसला, ग्लास ठेवले आणि आत गेला. पुढच्या शनिवारी तो नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता.

मी मॅनेजरकडून नंबर घेऊन फोन केला. तो गावी होता, सोयाबीनच्या सोंगणीवर. नोकरी का सोडली हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मी त्या क्लिपबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचं काय चुकलं दादा? तुमी तं फक्त लावलं."

ते वाक्य त्यानं मला सोडवण्यासाठी उच्चारलं होतं. मी मात्र त्यातच अडकलो. कारण नेमकं तेच वाक्य मी गेले दोन आठवडे स्वतःला सांगत होतो.

हे वाक्य आपल्या पिढीचं सगळ्यात सोयीचं वाक्य असावं. मी बनवलं नाही, मी फक्त लावलं. मी लिहिलं नाही, फक्त फॉरवर्ड केलं. मी काढलं नाही, फक्त स्टेटसला ठेवलं. कायद्यातही याच्यासारखी एक तरतूद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देतं, पण अटींवर. त्यानं मजकूर स्वतः पाठवायला सुरुवात केलेली नसावी, कुणाला पाठवायचा हे निवडलेलं नसावं, मजकूर निवडलेला वा बदललेला नसावा. म्हणजे तो नुसता पाइप असावा. मोठ्या कंपन्या या कलमाचा आधार घेतात. मी त्या अटी स्वतःला लावून पाहिल्या. सुरुवात मी केली. कुणाला दाखवायचं ते मला समोर दिसत होतं. निवड तर माझ्या हातातला फेडरच करत होता. मी पाइप नव्हतो.

मग दुसरी पळवाट: माझा हेतू वाईट नव्हता. हा युक्तिवाद हलका नाही. बुद्धानं चेतनेला, म्हणजे मनातल्या इच्छेला आणि निर्धाराला, कर्म म्हटलं. नकळत पायाखाली मुंगी मेली आणि मुद्दाम मारली, यात फरक आहे. मलाही त्या पोराला दुखवायचं नव्हतं. मला हॉल हसवायचा होता. पण चेतना म्हणजे फक्त शेवटचं ध्येय नव्हे. त्या चार सेकंदांत मला दिसलं होतं की हे लपून काढलेलं आहे, आणि तो माणूस इथेच कुठेतरी ट्रे घेऊन फिरतो आहे. दोन्ही कळलं, आणि तरी हात सरकला. त्या सरकण्यातही एक निर्धार होताच: याच्या लाजेपेक्षा यांचं हसू मोठं.

तिसरी पळवाट बारमध्येच सापडते: रात्रच तशी होती, सगळेच प्यालेले. ॲरिस्टॉटलनं 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये यावर नेमकं लिहिलं आहे. नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा तो दाखला देतो. कारण न पिणं त्या माणसाच्या हातात होतं, अज्ञान त्यानं स्वतः ओढवून घेतलं. हे वाचताना मला हसू आलं आणि मग आलं नाही. त्या हॉलमध्ये प्यालेल्यांचा हिशोब ॲरिस्टॉटल करील. पण न प्यालेला, हेडफोन लावलेला, सगळ्यांच्या आधी पाहणारा एकच माणूस होता. त्याच्याकडे नशेचीही सबब नव्हती.

म्हणून मी या मुद्द्यावर येऊन थांबलो: जो आधी पाहतो, तो "फक्त लावलं" म्हणू शकत नाही. छोट्या चौकटीनं मला काही सेकंदांची सत्ता दिली होती. ती सत्ता मी ताल जुळवण्यासाठी वापरली, माणूस ओळखण्यासाठी नाही.

ही चौकट फक्त डीजेकडे असते असं समजू नका. तुमच्या फोनवर फॉरवर्ड करण्याआधी जे दिसतं, ती तीच चौकट. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होते. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कुणावर हात उचलला नसेल. त्यांनी फक्त पाठवलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायला घेतली. माझी क्लिप आणि राईनपाडा यांची बरोबरी मी करत नाही, करू नये. एकात पोरगा गावी गेला, दुसऱ्यात पाच घरं उजाड झाली. पण बोट तेच आहे, आणि त्या बोटाची सबबही तीच.

यावर माझ्या मित्रानं घेतलेला आक्षेप मला अजून टोचतो. तो म्हणाला, "म्हणजे आता तू ठरवणार लोकांनी काय पाहायचं? उद्या एखादा डीजेवाला म्हणेल, मला भीमगीतं पटत नाहीत, मी वरातीत लावत नाही. मग?" खरं आहे. आमच्याकडे गाण्यावरून काय काय होऊ शकतं हे डीजेवाल्याला सांगावं लागत नाही. ऑपरेटरच्या हातात नीतीची कात्री दिली तर तो आधी आपल्या जातीचे आणि आवडीचे कपडे शिवेल.

बराच विचार केल्यावर मला यातला फरक असा दिसला. कात्री चालवणारा विचारतो, हे पाहणाऱ्यांना शोभेल का? मी विचारायला हवं होतं ते वेगळं: ज्याला दाखवतोय, त्यानं हो म्हटलंय का? पहिल्या प्रश्नात मी लोकांचा मास्तर होतो. दुसऱ्यात मी फक्त एका गैरहजर माणसाची आठवण ठेवतो. गायक, नट, नाचणारी मंडळी पडद्यावर यायचं म्हणूनच कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली असतात. त्यांची गाणी मला आवडोत न आवडोत, ती लावायला माझी हरकत असू नये. किचनमधला पोरगा पडद्यासाठी नाचत नव्हता. माझी आवडनिवड इथे कुठे येतच नाही.

आता त्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये मी एक गोष्ट वाढवली आहे. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह रात्री आठच्या आत आला तरच घेतो. क्लिप पूर्ण पाहतो, चार सेकंद नाही. तीत कुणी ओळखीचं असेल तर आधी त्याला विचारतो, आणि तो समोर नसेल तर लावत नाही. मालक पहिल्यांदा वैतागले. म्हणाले, "गिऱ्हाईक नाराज होते ना भाऊ, एवढं काहून?" मी सांगितलं, की तुमच्या एका माणसाचं काम त्या दिवशी सुटलं असावं. ते गप्प बसले. नियम राहिला, पण मनापासून राहिला की नव्या डीजेवाल्याची शोधाशोध नको म्हणून, हे मला ठाऊक नाही.

तो पोरगा परत आला नाही. कदाचित त्याला सोंगणीसाठी जायचंच होतं, कदाचित घरी काही झालं असेल. क्लिपमुळेच गेला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. सुरुवातीला या अनिश्चिततेनं मला बरं वाटायचं. आता वाटत नाही. तो गेला नसता, तिसऱ्या टेबलवर हसत राहिला असता, तरी त्या चार सेकंदांत मी जे केलं ते तेवढंच चुकलेलं असतं. मला फक्त कळलं नसतं.

मिलिसेकंद वाचवायला मी तीन दिवस घालवले होते. आता पुढची क्लिप चौकटीत आली की हात फेडरवरून उचलून मांडीवर ठेवतो आणि पाहतो. लोकांच्या पडद्यावर तोवर आधीचं गाणं चालू असतं. त्यांना काही उशीर जाणवत नाही.