कंपनीचा आणि बाहेरचा

मोटारीच्या सुट्या भागांच्या बाजारात वस्तूंचे दोनच वर्ण मानले जातात : 'कंपनीचा' आणि 'बाहेरचा'. कंपनीचा म्हणजे गाडीबरोबर जन्माला आलेला. बाहेरचा म्हणजे मागाहून घरात घेतलेला. पुण्याच्या नाना पेठेत तासभर हिंडले की ही वर्णव्यवस्था किती पक्की आहे ते ध्यानात येते. आरसा कंपनीचा की बाहेरचा, हॉर्न कंपनीचा की बाहेरचा, हे प्रश्न तेथे एखाद्या स्थळाची चौकशी करावी तितक्या गंभीरपणे विचारले जातात. माझ्या नऊ वर्षांच्या गाडीतला स्टिरिओ काढून दुसरा बसवावा असे मी ठरवले, तेव्हा मलाही या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. (कारागीर त्याला अजूनही 'टेप'च म्हणतात; मग आत फीत असो वा नसो. मीही तसेच म्हणतो.) कंपनीच्या टेपला तबकडी चाले, पण खिशातल्या फोनशी त्याचा परिचय नव्हता, आणि माझी सारी गाणी तर आता फोनात. कारण इतके साधे होते. तरी ज्याने त्याने मला हटकले, "कंपनीचा चांगला चालतो आहे ना? मग कशाला काढता?"

या हटकण्यात काटकसरीचा उपदेश होताच. पण त्याहून निराळाही एक सूर होता. जणू मी कोणाची तरी मर्यादा ओलांडायला निघालो होतो. गाडीचे पैसे मी दिले, नोंदणी-पुस्तकावर नाव माझे; मग ही मर्यादा घातली कोणी? विकत घेतलेली वस्तू आपली होते म्हणजे नेमके काय होते?

मालकीची आपल्याकडे एक घरगुती कसोटी आहे. भाड्याच्या बिऱ्हाडात भिंतीला खिळा ठोकायचा झाला तर घरमालकाला विचारावे लागते. घर वापरतो भाडेकरू, झाडतो-पुसतो तोच, त्याची मुले तेथेच वाढतात. पण खिळ्याची पाळी आली की तो मालक नव्हे हे उघड होते. या कसोटीवर पाहिले तर जी वस्तू मी तिच्या कर्त्याने ठरवून दिलेल्या रीतीनेच वापरू शकतो, जिच्यात खिळाभर बदल करताना मला पलीकडे कोणाच्या कपाळावर आठी पडते का ते पाहावे लागते, त्या वस्तूचा मी मोठे आगाऊ भाडे भरलेला बिऱ्हाडकरूच आहे.

गंमत अशी की, टेपच्या बाबतीत 'कंपनीचा' हाच खरा उपरा आहे. मोटारीत रेडिओ प्रथम शिरला तो बाहेरूनच. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी आपल्या मोटारीत रेडिओ बसवला, ती हाकीत अटलांटिक सिटीच्या रेडिओ-व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला नेली, आणि आत मांडणीला जागा नाही म्हणून गाडी बाहेरच उभी करून आवाज मोठा केला. 'मोटोरोला' हे नाव त्या रेडिओचे. ते त्यांच्या कारखान्याने घेतले ते मागाहून, १९४७ साली. आपल्याकडेही फियाट आणि अँबॅसिडर यांच्या काळी रेडिओ किंवा टेप गाडीत येई तो बहुधा मालकाच्या हौसेने. मग कारखानदारांनी पाहिले, की लोकांना हे हवे आहे. आणि पाहुण्याची खुर्ची त्यांनी घरच्या माणसाला दिली.

मात्र त्या वेळी त्यांनी एक चांगली गोष्ट केली. जर्मन मानक-संस्थेने टेपच्या खाचेचे एक माप ठरवले होते : टेपचे तोंड १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. १९८४ साली तेच आंतरराष्ट्रीय मानक झाले. जपानी गाड्यांनी पुढे उंची दुप्पट केली, पण रुंदी तीच राहिली. वरवर पाहता ही केवळ पत्र्यातली एक चौकोनी खाच. परंतु मला तिच्यात एक मोठे सौजन्य दिसते. गाडी घडवणारा माणूस तिच्याद्वारे अनोळखी गिऱ्हाइकाला सांगत होता : माझी आवड तुझ्यावर कायमची लादत नाही; उद्या तुला दुसरे काही हवेसे वाटले तर त्याच्यासाठी ही जागा आहे. दुसऱ्याच्या इच्छेला जागा ठेवणे हा नीतीचा भाग आहे, आणि तो कधी कधी मिलिमीटरमध्येही मोजता येतो.

आता ही खाच बुजत चालली आहे. पूर्वी प्रत्येक दिव्याला आणि बटणाला स्वतंत्र तार असे. बॉश कंपनीने १९८६ साली 'कॅन' नावाची पद्धत जगापुढे मांडली. तिच्यात पीळ घातलेल्या दोन तारांवरून गाडीच्या अवयवांचे सारे निरोप जातात-येतात. सोय मोठीच झाली. पण सगळे सगळ्यांशी बोलू लागले की कोणालाही एकट्याने उठून जाता येत नाही. अनेक नव्या गाड्यांत टेपच्या जागी मोठा पडदा असतो. त्यावरच मागचा रस्ता दिसतो, त्यावरच थंड हवेचे हुकूम द्यायचे. काही अमेरिकन गाड्यांत तर पट्टा बांधा म्हणून सुचवणारा नादही टेपमधूनच निघतो. असा टेप काढणे म्हणजे गवयाला घालवताना त्याच्याबरोबर पहारेकरीही घालवणे.

कारखानदार म्हणतो, म्हणूनच हात लावू नका. त्याचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. फ्यूज टाळून जोडलेली एक तार गाडी पेटवू शकते, आणि रस्त्यावर मी एकटा नसतो. कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, नोंदणीतला तपशील कर्त्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला मना केला आहे. इंजिन, इंधन, आसने या गोष्टी नोंदणीत येतात, कारण त्यांच्याशी दुसऱ्यांचाही संबंध पोहोचतो. टेपचा उल्लेख तेथे नसतो. माझ्या कानाशी निगडित ते माझे, इतरांच्या जिवाशी निगडित ते सर्वांचे, अशी ही विभागणी मला न्याय्य वाटते. काचा खाली करून गल्ली हादरवणाऱ्याला मात्र माझ्या युक्तिवादाचा आसरा मिळणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी निवासी वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे. तेथे त्याचा कान संपून शेजाऱ्याचा सुरू होतो.

माझी तक्रार आहे ती ही विभागणीच पुसली जाण्याबद्दल. गाणे आणि सुरक्षितता एका पेटीत कोंबायची, आणि मग सुरक्षिततेकडे बोट दाखवून गाण्यावरही ताबा सांगायचा, ही नीती नव्हे; ही चतुराई झाली. बाहेरच्या टेपमुळे तारा जळाल्या तर कंपनीने हात झटकावेत, हे रास्तच आहे. पण टेप बदलला एवढ्यासाठी गिअरबॉक्सच्या हमीलाही कोणी नकार दिला, तर ती शिक्षा अपराधाची नसते, अवज्ञेची असते. या वृत्तीची दखल आपल्या देशातही घेतली गेली आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने बाहेरच्या कारागिरांना मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार-कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला. दंडाविरुद्ध अपिले झाली, ते असो. पण प्रश्न माझ्या एकट्याच्या हौसेचा नव्हता एवढे त्यावरून कळते.

या संबंधात मला नागसेन आठवतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद रथातून आलेला असतो. भिक्षू नागसेन त्याला विचारतो, रथ कोणता? आस म्हणजे रथ काय? चाके? जू? लगाम? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. शेवटी ठरते ते असे की, हे सारे एकत्र आले म्हणजे त्यांच्या आधाराने 'रथ' असा व्यवहार होतो, इतकेच. कारखानदाराला वाटेल, नागसेन त्याच्या बाजूचा. मला वाटते, माझ्या. वस्तुतः तो दोघांनाही उत्तर देतो. कोणताही एक भाग म्हणजे गाडी नव्हे, तेव्हा टेप बदलल्याने गाडी भ्रष्ट होत नाही. परंतु भाग परस्परांशी जुळणे हीच जर गाडी, तर भाग बदलणाऱ्याने त्या जुळणीचा भार आपल्या शिरावर घेतला पाहिजे. हक्काला कर्तव्य चिकटते ते असे.

ते कर्तव्य कोणते, हे मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात मिळाले नाही. नाना पेठेतल्या कारागिराने जुना टेप बाहेर ओढला. मागे तारांचा झुबका लोंबत होता. नव्या टेपच्या पिवळ्या तारेला बॅटरीची अखंड वीज हवी, लाल तार चावी फिरल्यावर जागी होणार, काळी अर्थिंगची. आणि गाडीच्या तारांचे रंग सगळे निराळे. त्याने विचारले, "काका, वायर कापू का कपलर लावू? कपलरचे तीनशे जास्त पडतील." तारा कापून पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळली तरी टेप वाजतोच. कपलर हा मधला दुभाष्या. त्याचे एक तोंड गाडीच्या जुन्या जोडात बसते आणि दुसरे नव्या टेपला जोडले जाते. गाडीची एकही तार कापावी लागत नाही. त्यामुळे उद्या नवा टेप काढून जुना जसाच्या तसा बसवता येतो. मी कपलर लावायला सांगितले.

ते तीनशे रुपये मी स्वतःसाठी दिले नाहीत. मला जुन्या टेपकडे परत जायचे नव्हते. दिले ते माझ्यानंतर ही गाडी जो घेईल त्याच्यासाठी. त्याचा कान माझ्यासारखा असेल असे थोडेच आहे! कारखान्याने खाच ठेवली म्हणून मला निवड करता आली. मी तारा कापल्या असत्या, तर कारखान्याला ज्या गोष्टीचा दोष देतो तीच मी पुढच्या माणसाच्या बाबतीत केली असती : माझी आवड त्याच्यावर कायमची ठोकून दिली असती.

मालकीची कसोटी खिळा ठोकण्याच्या हक्कात आहे, हे मी अजूनही मानतो. पण भिंत आपल्या आधीही कोणाची तरी होती आणि नंतरही कोणाची तरी होणार आहे. तेव्हा खिळा जरूर ठोकावा. फक्त तो उपटल्यावर भिंत उभी राहील, इतक्याच बेताने ठोकावा.