पैसे कट झाले, पण पोचले नाहीत

१२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. सुंठवडा सकाळीच वाटून झालेला, आणि दुपारच्या सुमाराला देशभर यूपीआय अडकलं. रहिमतपूरची पेठ असो की मुंबईतलं दादर, अशा वेळी गल्ल्यावरचं बोलणं सारखंच असतं. "पैसे कट झालेत, हे बघा." "ताई, बॉक्स अजून बोलला नाही." गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरतं, दुकानदार साउंडबॉक्सकडे बघतो, मागे रांग वाढते. माणूस ओळखीचा असेल तर "राहू द्या, संध्याकाळी द्या". परगावचा असेल तर साखरेची पुडी परत आत जाते.

एवढा पसारा बंद पडला म्हणजे कुठंतरी मोठं काही जळालं असणार, नाहीतर कुणी हल्ला केला असणार, असंच कुणालाही वाटेल. तसलं काही नव्हतं. व्यवहार अडकला की बँकेच्या यंत्रणेने नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेला 'याचं पुढे काय झालं?' असं विचारायची सोय आहे. थोडं थांबून विचारायचं, फार वेळा विचारायचं नाही, असा दंडकही होता. काही बँकांच्या सर्व्हरनी तो पाळला नाही. तेच तेच विचारत राहिले, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. ज्या यंत्रणेवरून त्या मार्चमध्ये सुमारे १,८३० कोटी व्यवहार झाले होते, तिला या चौकश्यांनीच घेरलं. उत्तर उशिरा आलं की पुन्हा विचारणा, आणि विचारणा वाढली की उत्तर आणखी उशिरा.

यातला सगळ्यात बोचरा भाग असा की ही चौकशीची सोय गिऱ्हाइकाचे पैसे बुडू नयेत म्हणूनच केलेली होती. अशा घटना वाचत गेलो तसं माझं मत पक्कं होत गेलं: चूक बहुधा क्षुल्लक असते, आणि तिला मोठं करते ती आपण बिघाडाविरुद्ध केलेली तजवीज.

मुंबईचंच उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे सौदे थांबले. एक्स्चेंजची माहिती मुख्य केंद्रातून जवळच्या दुसऱ्या केंद्रात सतत उतरत असते, एक बुडालं तर दुसरं असावं म्हणून. मधल्या लाइन दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या. वाटेवरच्या खोदकामामुळे दोन्हींकडे बिघाड झाला, असं या कंपन्यांनी नंतर कळवलं. आता लाइन तुटल्या तरी मुख्य केंद्र आपलं आपण चालायला हवं होतं. कागदावर तसंच ठरलेलं. प्रत्यक्षात मुख्य केंद्रातल्या सर्व्हरना आपल्याच साठ्यातली माहिती मिळेनाशी झाली. कुणाची किती जोखीम आहे ते मोजणारी व्यवस्था आंधळी झाली, आणि ती आंधळी असताना सौदे चालू ठेवणं म्हणजे जुगारच. बाजार पुन्हा उघडला दुपारी ३.४५ ला. शेजारचा बीएसई तेवढा वेळ सुरू होता.

म्हणजे जोडीला ठेवलेलं केंद्र नसतं, तर ती लाइन तुटून काही बिघडलंच नसतं! हा युक्तिवाद अर्थातच खोटा आहे. एकाच केंद्रावर देशाचा बाजार कुणी चालवू नये. पण जोडीदार ठेवला की त्याच्याशी बोलणं तुटल्यावर काय करायचं हा नवा प्रश्न जन्माला येतो, आणि त्याचं उत्तर लाइन खरोखर उपटून बघितल्याशिवाय कळत नाही.

फेसबुकचंही तेच. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सॲप गप्प झालं. कंपनीच्या अंतर्गत जाळ्याची क्षमता तपासायला दिलेल्या एका कमांडने सगळी जोडणीच पाडली. चुकीची कमांड अडवायला एक तपासनीस प्रोग्रॅम होता. दोष त्याच्यातच होता. पुढे पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरना शिकवलं होतं की डेटा सेंटरशी बोलणं होत नसेल तर बिघाड आपल्यातच आहे असं धरून बाजूला व्हायचं. सगळ्यांनी एकदमच तसं धरलं. साधारण सहा तास फेसबुकचा पत्ताच कुणाला ठाऊक नव्हता. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकवले, ते सॉफ्टवेअर तर पहारेकरीच होतं.

गावाकडचा बिघाड यांच्यापुढे सरळसाधा. पाइपलाइनसाठी चर खणताना जेसीबीचा दात लागतो, केबल तुटते, रेंज जाते. २०२३ साली 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणताना केंद्र सरकारनेच सांगितलं की देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा अशी फायबर तुटते आणि ३,००० कोटींचं नुकसान होतं. पण रहिमतपूरची केबल तुटली तर कोल्हापूरचं दुकान चालू राहतं. यूपीआयच्या मध्यवर्ती यंत्रणेत गर्दी झाली की दोन्हीकडचे बॉक्स मुके. चुकीला हद्द असणं ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, आणि एकाच ठिकाणाहून सगळं चालवण्याच्या सोयीपायी आपण ती मोडत चाललो आहोत.

यूपीआयपुरती थोडी हद्द घातली गेली आहे. १ ऑगस्ट २०२५ पासून अडकलेल्या व्यवहाराची चौकशी तीनदाच, दोन चौकश्यांमध्ये ९० सेकंद थांबून. आणि एका ॲपवरून शिल्लक दिवसाला ५० वेळाच बघता येते. दिवसात पन्नासदा शिल्लक बघणारा माणूस आमच्या तालुक्यात तरी सापडायचा नाही. काही ॲपच मालकाला न विचारता मागून विचारत असतात, त्यांनाही गर्दीच्या तासांत गप्प बसायला सांगितलं आहे.