थिबा राजाची कीव करावी का?

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली आणि आम्ही दोघं जनशताब्दीनं रत्नागिरीला गेलो. प्लॅन साधा होता. भाट्याचा किनारा, रत्नदुर्ग, मासे आणि भरपूर झोप. थिबा पॅलेस यादीत होता तो ‘गावात आलोच आहोत तर’ म्हणून. बाकीची सहल आता फोनच्या गॅलरीत पडून आहे. पॅलेसमध्ये आमचा जो वाद झाला तो मात्र अजून डोक्यात चालू आहे.

राजवाडा उंचावर आहे. तिथून खाली खाडी आणि समुद्र दिसतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५च्या नोव्हेंबरमध्ये, जेमतेम दोन आठवड्यांच्या युद्धानंतर, मंडालेहून उचललं. आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६मध्ये रत्नागिरीला आणलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. हा वाडा त्याच्यासाठी बांधून पूर्ण झाला १९१०मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं तो भाड्याच्या बंगल्यांमध्येच राहिला. नंतर सहाच वर्षांनी, १९१६मध्ये, तो इथेच वारला. सोबत राणी सुपयालत होती आणि चार मुली होत्या. धाकटीचा तर जन्मच रत्नागिरीतला.

खिडकीतून समुद्र बघताना माझ्या तोंडून निघून गेलं, “बिचारा! आपण दोन दिवसांसाठी आलोय, परतीचं तिकीट खिशात आहे. हे नवरा-बायको तीस वर्षं हाच समुद्र बघत बसले.”

नवरा म्हणाला, “बिचारा कसला? गादीवर आल्यावर वर्षभराच्या आत घरातली माणसं मारलीयेत त्यांनी. भाऊ, बहिणी, लहान पोरंसुद्धा.”

ते खरं आहे. थिबा १८७८मध्ये गादीवर आला आणि १८७९मध्ये मंडालेच्या राजवाड्यात राजघराण्यातल्या ऐंशीएक माणसांची कत्तल झाली. गादीला उद्या कुणी दावेदार उरू नये, हे कारण. हे कारस्थान राणीच्या आईचं आणि मंत्र्यांचं होतं, कोवळ्या राजाच्या हातात फारसं काही नव्हतं, असं बरेच इतिहासकार मानतात. मी तेच सांगायला लागले.

“हातात नव्हतं,” तो म्हणाला. “प्रत्येकाचं हेच असतं.”

तेव्हा मला कळलं की आपण थिबाबद्दल बोलत नाही आहोत.

त्याचे बाबा तो सातवीत असताना घर सोडून गेले. जाण्याआधीची वर्षंही काही बरी नव्हती. आईच्या हातावरची खूण मी पाहिली आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून ते लांज्याला आत्याकडे आहेत. हा दर महिन्याला पैसे पाठवतो, पण फोन करत नाही. रत्नागिरीहून लांजा तासाभराच्या अंतरावर. तिकिटं काढताना आम्ही दोघांनीही तो विषय टाळला होता.

टिळकांच्या बाबतीत असा वाद झालाच नसता. सकाळीच आम्ही टिळक आळीतलं त्यांचं जन्मस्थान बघून आलो होतो. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता, त्याच काळात, १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. ते तिकडे असतानाच, १९१२मध्ये, सत्यभामाबाई इकडे वारल्या. हे वाचताना गलबलून येतं आणि त्यात काही अडचण वाटत नाही. निरपराध माणसाबद्दल वाईट वाटून घ्यायला काही मोजावं लागत नाही. ज्याच्या नावावर खरोखर काही जमा आहे, अशा माणसाचं दुःख समोर आलं की आपली पंचाईत होते.

रात्री मी यावर बराच विचार केला. पहिली गोष्ट अशी की थिबाला शिक्षा त्या कत्तलीसाठी झालीच नव्हती. कत्तल १८७९ची, युद्ध १८८५चं. मधली सहा वर्षं इंग्रजांना त्या मेलेल्या पोरांसाठी मंडालेवर चाल करून जावंसं वाटलं नाही. निमित्त ठरलं ते सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला थिबाच्या दरबारानं लाकडावरून मोठा दंड ठोकला. त्यात दरबार फ्रेंचांशी जवळीक करत होता. म्हणजे माणूस दोषी असेलही, पण त्याला मिळालेली शिक्षा त्या दोषाची नव्हती. ‘केलं तसं भोगलं’ म्हणून आपण दोन वेगळे हिशेब एकत्र बांधतो आणि मोकळे होतो. अर्धांगवायूसुद्धा कुणाच्या हातावरच्या खुणेची शिक्षा म्हणून येत नाही.

दुसरी गोष्ट मुलींची. त्यांनी कुणाचं काय केलं होतं? थोरलीला पॅलेसच्या दरवानापासून मुलगी झाली. तो आधीच लग्न झालेला होता. १९१९मध्ये कुटुंबाला मायदेशी परतायची परवानगी मिळाली, तेव्हा तीही गेली, पण लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीलाच आली आणि गरिबीत इथेच वारली. ती लेक टुटू पुढे आयुष्यभर इथेच राहिली, मराठी बोलत, कष्ट करत. ब्रह्मदेशच्या राजाची नात. बापाच्या काळाचं ओझं मुलांच्या मुलांपर्यंत कसं उतरत जातं, हे माझ्या नवऱ्याला मी सांगायची गरज नव्हती.

पण तिसरी गोष्ट माझ्याबद्दलची होती आणि ती मला सगळ्यात उशिरा सुचली. मी ‘बिचारा’ म्हणू शकले, कारण त्या ऐंशी माणसांत माझं कुणी नव्हतं. त्यातल्या एखाद्याची आई त्या खिडकीशी माझ्या शेजारी उभी असती, तर तो शब्द मी उच्चारला असता का? आणि उच्चारून वर तिनेही तो म्हणावा अशी अपेक्षा केली असती का? नवऱ्याकडून मी नेमकी तीच अपेक्षा करत होते. आणि तो नाही म्हणाला, तर तो कोरडा आहे असं मनातल्या मनात ठरवत होते.

कीव आणि माफी या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मला त्या रात्री उमगलं. कीव कुणीही करावी, तिला कुणाची परवानगी लागत नाही. तिच्यामुळे कुणी निर्दोषही ठरत नाही. माफी मात्र ज्याचं नुकसान झालं त्याच्याच हातात असते आणि ती न देण्याचा त्याला पूर्ण हक्क असतो. माझी कीव दाखवून त्याच्याकडून माफी वसूल करायला जाणं, हाही एक प्रकारचा दांडगावा आहे. घराघरांतून ‘शेवटी बाप आहे रे’ म्हणणारे आपण सगळे तो करत असतो.

सकाळी चहा पिताना मी त्याला एवढंच म्हटलं, “काल मी चुकले. तुझ्या वतीनं मला कुणाची दया करायची नाहीये.” त्याने मान हलवली. लांज्याला आम्ही गेलो नाही.

परतीच्या गाडीत चिपळूणच्या पुढे त्याने आत्याला फोन लावला. पैसे पोचले का, हे विचारलं. ते तो नेहमी मेसेजवर विचारतो. मग थोडा थांबून म्हणाला, “जेवतात का ते नीट?”

आत्या काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही. ही कीव, माफी की नुसती चौकशी, हे ठरवणारी मी कोण?