निळी ज्योत

निफाडचा पारा कितीही घसरला, तरी घर उबदार ठेवायला तेल जाळण्याची रीत नाशकात नव्हती. अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात लाकूडफाट्यावर तापे. तेलावर चालणारं आणि रोज निगा मागणारं यंत्र घरात एकच, पंपाचा स्टोव्ह. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टचं हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं डोकं. पुढे कुठल्याही कंपनीचा असो, जुन्या माणसांच्या तोंडी तो प्रायमसच राहिला.

तो नुसत्या काडीने पेटत नसे. स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरला लावून आधी नळी तापवायची, कारण तापल्या नळीतच रॉकेलची वाफ होते. घाई करून पंप मारला, तर निपलमधून कच्चं तेल उडून पिवळा भडका होई. वाफ हवेत नीट मिसळली की ज्योत निळी आणि फरफर एकसुरी. आवाज अडखळला की निपलच्या छिद्रात काजळी बसली समजावं आणि पिन मारावी. पंप हवा धरेना, म्हणजे चामड्याचा वायसर सुकला. त्याला तेलाचं बोट लावावं. आच कमी करायची तर चावी किंचित सैल करून हवा सोडावी.

ज्वलनाचं हे शास्त्र घरोघरच्या बायका कानाने आणि डोळ्याने चालवत होत्या. सायकलचं पंक्चर काढणाऱ्याला आपण कारागीर म्हणतो. स्टोव्ह ताळ्यावर ठेवणारीला तसं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. ते तिचं काम, बस्स.

म्हणूनच एके काळी वर्तमानपत्रांत वारंवार येणारं 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' हे वाक्य मला आजही खटकतं. खरे अपघात होत, यात शंका नाही. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलं जाई, रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ निघे, नायलॉनची साडी क्षणात अंगाला चिकटे. पण वर्षानुवर्षं स्टोव्ह हाताळणारी सासू सुखरूप आणि भाजते ती बहुधा नवी सूनच, हे कसं? माहेरी तिने काय चूल फुंकली होती? ज्या हातांच्या कसबाची कधी दखल घेतली नाही, त्यांचा अडाणीपणा मात्र पंचनाम्यात चटकन नोंदला जाई. आणि यंत्राची साक्ष कोण काढणार?

१९८३ साली दंडविधानात सासरच्या छळाविरुद्ध ४९८-अ कलम आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई भाजून किंवा अन्य अनैसर्गिक कारणाने गेली आणि मृत्यूच्या थोडंच आधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचं सिद्ध झालं, तर तो हुंडाबळीच असं न्यायालयाने धरून चालायचं. तसं नव्हतं, हे दाखवण्याची जबाबदारी आरोपींवर आली. स्टोव्हकडे बोट दाखवून सुटणं तेव्हापासून अवघड झालं.