घरी सगळं ठीक आहे

आमच्या आत्याची एक प्लास्टिकची पिशवी होती, साडीच्या दुकानातली, एक बंद तुटलेली. तिच्यात तिचे सगळे केसपेपर, ईसीजीच्या पट्ट्या आणि रक्ता-लघवीचे रिपोर्ट. तालुक्याच्या दवाखान्यात तिला घेऊन जायचं काम माझ्याकडे असे. ‘छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात, घास गिळवत नाही,’ असं ती सांगायची. डॉक्टर नाडी बघायचे, बीपी घ्यायचे, टॉनिक लिहायचे. फारच गळून गेलेली दिसली तर सलाईन लावायचे, आणि रात्रीसाठी एक छोटी गोळी द्यायचे. पुढच्या पेशंटला आत बोलावता बोलावता ते माझ्याकडे बघून विचारायचे, ‘बाकी घरी सगळं ठीक ना?’ मी म्हणायचो, ‘हो डॉक्टर, घरी सगळं ठीक आहे.’

त्याच डॉक्टरांकडे माझा आत्येभाऊही जायचा. आधी त्याची तक्रार ॲसिडिटीची होती, मग बीपीची. त्याचा केसपेपर वेगळा. दादा रोज रात्री पिऊन येतो आणि तो येईपर्यंत आत्या दाराशी बसून असते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्या दोन केसपेपरांना मात्र ते कधी कळलं नाही. एकाच घरातले दोन पेशंट, एकच डॉक्टर, आणि दोघांच्या दुखण्याचं मूळ एका ओट्यावर. त्या दोन कागदांमध्ये बसलेलो मी, आणि माझं ठरलेलं उत्तर.

हे एका घराचं गाऱ्हाणं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. १९९०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांतल्या १५ शहरांत साध्या, पहिल्या पायरीच्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांची पाहणी केली. त्यात आपलं बंगळूरही होतं. सर्दी-खोकला, पाठदुखी, अशक्तपणा घेऊन आलेल्या या माणसांपैकी सुमारे २४ टक्क्यांना निदान करण्याजोगा मानसिक आजार निघाला. नैराश्य आणि चिंतेचे विकार सर्वांत जास्त होते आणि दारूचे विकारही त्यांत होते. म्हणजे बाकावर चौघे बसले असतील, तर त्यांतल्या जवळपास एकाचं दुखणं स्टेथोस्कोपला ऐकू येणारं नव्हतं. डॉक्टरांनी ओळखले ते त्यांतले साधारण निम्मेच.

मग उरलेले निम्मे कुठे जातात? ते पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतात. पुढच्या महिन्यात, नव्या टॉनिकसाठी.

असं का होतं, याचं उत्तर डॉक्टरांच्या टेबलावर शोधण्याआधी आपल्या बोलण्यात शोधायला हवं. मनाच्या आजाराला आपल्या भाषेत दोनच जागा आहेत. माणूस एकतर ठणठणीत, नाहीतर ‘ठाण्याला पाठवायच्या’ लायकीचा. दारूचंही तेच. गडी एकतर ‘कधीतरी, कंपनी म्हणून’ घेतो, नाहीतर ‘पार वाया गेलेला’ असतो. या दोन टोकांच्या मधल्या अफाट पट्ट्याला आपल्याकडे नावच नाही. जिला पहाटे तीनला जाग येते आणि कशातच राम वाटत नाही, जो कामावर जातो पण संध्याकाळी सातनंतर ज्याचा हात थरथरतो, ती माणसं या पट्ट्यात राहतात. ती वेडी नाहीत आणि वाया गेलेलीही नाहीत. आजारी मात्र आहेत. त्यांना जाण्यासारखी एकच प्रतिष्ठित जागा आपण ठेवली आहे, ती म्हणजे जनरल डॉक्टरचा दवाखाना. तिथे शिरायला तिकीट लागतं, आणि ते शरीराच्या तक्रारीचंच चालतं. म्हणून मन धडधड होऊन येतं, दारू ॲसिडिटी होऊन येते.

यावर ठरलेलं उत्तर असतं: ‘आपली माणसं मनाचं बोलतच नाहीत हो.’ हे अर्धसत्य आहे. त्याच पाहणीत नैराश्य असलेल्या ११४६ रुग्णांचा वेगळा अभ्यास झाला. त्यांतल्या ६९ टक्क्यांनी येण्याचं कारण म्हणून फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या. पण मनाबद्दल सरळ विचारल्यावर ‘नाही, तसं काही नाही’ म्हणणारे निघाले फक्त ११ टक्के. माणसं बोलत नाहीत असं नाही, त्यांना कोणी विचारत नाही. आणि हे देशोदेशीचं आहे, त्याचं खापर आपल्या अडाणीपणावर फोडायचं कारण नाही.

गोव्यात तर याचा फार बोलका पुरावा आहे. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन बाई आली की जंतुसंसर्ग गृहीत धरून गोळ्यांचा कोर्स द्यायचा, हा सगळीकडचा रिवाज. हळदोण्याच्या परिसरात सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास झाला, तेव्हा या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या आणि घरातल्या त्रासाशी अधिक घट्ट दिसला. ती बाई खोटं बोलत नव्हती. तिला थकवा होता, कंबर दुखत होती, जीव घाबरत होता. ‘मी खचले आहे’ हे सांगायला तिच्याकडे तेवढेच शब्द होते. आपण त्या शब्दांवर औषध दिलं आणि बाई तशीच घरी पाठवली.

दारूची गोष्ट याहून अवघड, कारण तिथे लाज आणि राग दोन्ही आडवे येतात. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या पाहणीनुसार देशात १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे उपचार मिळाल्याचं एकानेच सांगितलं. बाकीचे ३७ दवाखान्यात जात नाहीत का? जातात. बीपीसाठी, पोटासाठी, अपघातात मोडलेल्या हातासाठी, उडालेल्या झोपेसाठी जातात. तिथे डॉक्टर फार तर विचारतात, ‘पिता का?’ या प्रश्नात निकाल आधीच लागलेला असतो, म्हणून उत्तरही ठरलेलंच मिळतं. ‘आठवड्यातून किती दिवस? एका दिवशी किती?’ असं बीपीच्या गोळीबद्दल विचारावं तितक्या सहज विचारलं, तर माणूस सांगतो, ‘जास्त नाही, एक क्वार्टर.’ क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. कडक दारूच्या एवढ्या मापात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. त्या ‘जास्त नाही’मध्ये बीपीचं अर्धं निदान सापडू शकतं.

न विचारण्याची आणि न सांगण्याची किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे. दादा मोटरसायकलवरून पडला, पायाचं हाड मोडलं. भरती करताना डॉक्टरांनी विचारलं, ‘काही व्यसन?’ आत्या गप्प बसली. मी म्हणालो, ‘कधीतरी घेतो, कंपनी म्हणून.’ तिसऱ्या रात्री दादाला भिंतीवर किडे दिसायला लागले. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरताहेत, आईला ओळखेना. नातेवाइकांपैकी कोणी ‘बाहेरचं’ म्हणालं, कोणी अंगारा आणायला पळालं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांनी असा घोर भ्रम होऊ शकतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर तो जिवावर बेततो, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. रात्रपाळीच्या डॉक्टरबाईंनी आत्याला एकटीला बाजूला घेतलं आणि विचारलं, ‘काकू, रोज किती?’ आत्याने पाच मिनिटांत सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत तिला ते पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. औषधं बदलली, दादा वाचला. माझं सभ्य उत्तर त्याच्या जिवावर उठलं होतं.

आणखी एक कबुली. दादाची बाटली दिसली की आम्ही तांडव करायचो. आत्याची रात्रीची गोळी संपली की मात्र मीच कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, आणून द्यायचो. वर्षानुवर्षं. झोपेची गोळी रोज घेतली की तिचीही सवय लागते आणि तीही एकदम तोडता येत नाही. पण ती पांढऱ्या पाकिटातून येते, म्हणून आपण तिला व्यसन म्हणत नाही. बायका मिश्री लावतात तेव्हाही आपण हसून सोडून देतो. पाप-पुण्याच्या तराजूत आजार मोजायला लागलं की तराजूही असा सोयीने झुकतो.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप वेळेचा: ‘ओपीडीत शंभर पेशंट, मनाचं ऐकत बसायला वेळ कुठला?’ पण गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटतं का, आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का, हे दोन प्रश्न विचारायला मिनिटही लागत नाही. त्याच त्या ईसीजीला आणि सलाईनला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.

दुसरा आक्षेप: ‘विचारून ठेवलं, पण पुढे पाठवायचं कुठे? मानसोपचारतज्ज्ञ आहेतच किती?’ तज्ज्ञ कमी आहेत, हे खरं. पण या मधल्या पट्ट्यातल्या बहुतेकांना तज्ज्ञ लागतोच असं नाही. डॉ. विक्रम पटेल यांच्या ‘संगात’ संस्थेने गोव्यात ‘मानस’ प्रयोग केला. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांना आरोग्य केंद्रांत बसवलं, गरज पडेल तिथे डॉक्टर आणि तज्ज्ञ मागे उभे ठेवले. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशी मदत मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के बरे झाले, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, तिथे दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे या मदतीची खरी गरज गरिबाच्या रांगेत आहे. पुढे तिथेच, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी अशाच समुपदेशकांनी मोजक्या भेटींत संवाद साधला. तीन महिन्यांनी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले, समुपदेशन न मिळालेल्यांत २६ टक्के. दहा टक्क्यांचा फरक कोणाला किरकोळ वाटेल. दहा घरांमागे एका घरात रात्री दाराशी कोणी बसून राहत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: ‘दारुड्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं, त्याला कसली सहानुभूती?’ दादाने केलेल्या त्रासाचा हिशेब मी माफ करत नाही, तो आत्याचा हक्क आहे. पण साखर वाढलेला माणूस जिलेबी खातो म्हणून आपण त्याला इन्सुलिन नाकारत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांनाही मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलं आहे आणि उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं केलं, तेव्हाही व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे, हाच पाया होता. कायदा आपल्या पुढे गेला आहे, ओटे अजून मागे आहेत.

सरकारने काय करावं, हे कागदावर आहेच. मनाचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यायचे, असं १९८२च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ठरवलं होतं. प्रत्येक केंद्रात प्रशिक्षित समुपदेशक आणि मोजकी, पण न संपणारी औषधं मागायला आपण पाणी-रस्त्यांसारखं ग्रामसभेत उभं राहिलं पाहिजे. तोवर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा फुकट क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

पण एक काम आपल्या हातातलं आहे. दवाखान्यात आपण आई-वडिलांबरोबर, बायकोबरोबर, भावाबरोबर जातो आणि डॉक्टरांनी त्यांना काही विचारलं की उत्तर आपण देतो. ‘तिला काय कळतंय’ म्हणून, ‘चार लोकांत कशाला’ म्हणून. मी ते सोडलं आहे. गेल्या महिन्यात आत्याला घेऊन गेलो होतो. पिशवी तीच, आता सुतळीने बांधलेली. ती खुर्चीत टेकली तसं मी डॉक्टरांना म्हणालो, ‘तिलाच विचारा,’ आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. माझ्या शेजारी तिघे जण होते. आतून आत्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बराच वेळ ती बोलत होती.